गुरुजी, रोही गाय आहे का? मराठवाड्यातल्या लेकरांनी विचारलेले प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात खडूचा एक रिकामा खोका होता, त्याला वर फट पाडून आम्ही प्रश्नपेटी केली होती. शनिवारी दप्तरमुक्त तासाला ती उघडायची. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या प्राण्यांच्या निघायच्या. त्यातही गंमत अशी की लेकरांनी घरून, आजी-आजोबांकडून काहीतरी ऐकलेलं असायचं आणि ते खरं की खोटं एवढंच त्यांना विचारायचं असायचं. म्हाताऱ्या माणसांचं किती बरोबर निघतं आणि किती साफ चुकतं, याचा हिशोब मीही त्या निमित्तानं ठेवत गेलो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं देतोय.

आपल्याकडं जंगलच नाही. मग जंगली प्राणी कुठून येतात?

जंगल म्हटलं की पुस्तकातलं दाट, काळोखं रान डोळ्यांसमोर येतं. तसं रान आपल्याकडं थोडंच. छत्रपती संभाजीनगरकडचं गौताळा, धाराशिवचं येडशी रामलिंग घाट, पाटोद्याजवळचं नायगाव, नांदेड-यवतमाळच्या शिवेवरचं पैनगंगेचं रान, एवढंच मोजायचं. पण काळवीट, लांडगा, खोकड, तरस, ससा यांना दाट झाडी नकोच असते. त्यांना पाहिजे माळ. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मुरमाड टेकाड आणि लांबवर दिसणारी नजर. सरकारी कागदावर अशा जागेला ‘पडीक’ लिहितात. लांडग्याला विचारलं तर तो काही वेगळं सांगेल.

हरीण आणि काळवीट एकच का?

गावात शिंगं असलेलं दिसलं की सगळे ‘हरीण’च म्हणतात. पण यात दोन घराणी आहेत. चितळ आणि सांबर हे खरे हरणाचे भाऊबंद. त्यांच्या नराच्या शिंगांना फाटे फुटतात आणि ती शिंगं दर वर्षी गळून पडतात, मग नवी येतात. काळवीट आणि चिंकारा दुसऱ्या घराण्यातले. त्यांची शिंगं एकदा आली की जन्मभराची. आत हाड असतं आणि वरून आपल्या नखासारख्या पदार्थाचं टोपण. मोडलं तर मोडलं, पुन्हा येत नाही.

काळविटाची शिंगं पिळदार, मळसूत्रासारखी. नर लहानपणी मादीसारखाच बदामी असतो, वयात येईल तसा पाठीवर काळा पडत जातो. कळपातला सगळ्यात काळा नर बहुतेक सगळ्यात मुरलेला. पळायला लागला तर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. आपली लाल परी घाटाखाली सपाट रस्त्यावर जेवढी पळते तेवढंच समजा. आणि पळता पळता मध्येच चारही पाय एकदम उचलून उंच उडी मारतो. वैजापूरकडच्या एका पाहुण्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मी हे पाहिलंय. सगळा कळप ओळीनं ज्वारीच्या रानातून जात होता आणि एकामागून एक रबरी चेंडूसारखा वर उडत होता.

रोही गाय आहे का?

हा प्रश्न पेटीत सगळ्यात जास्त वेळा आला. एकदा तर चौथीतलं एक पोरगं चिठ्ठी न टाकताच वर्गात ओरडत आलं, “गुरुजी, रोही तूर खायलेत!” त्याच्या बापानं रात्रभर डबा वाजवून राखण केली होती आणि पहाटे डोळा लागला तेवढ्यात कळप येऊन गेला होता.

तर, रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे, पण ती गाय नाही. काळवीट ज्या गोतावळ्यातलं, त्यातलीच, आणि आशिया खंडात त्या गोतावळ्यातली सगळ्यात मोठी. पुरा वाढलेला नर २०० किलोच्या वर जातो. गंमत म्हणजे ‘नील’ फक्त नरच असतो, राखाडी-निळसर. मादी आणि पिलं तांबूस-बदामी. त्यामुळं पुष्कळांना हे दोन वेगळे प्राणी वाटतात. शिंगंही नरालाच, वीतभर लांब आणि सरळ. गळ्याखाली पांढरा ठिपका आणि नराला तिथंच दाढीसारखा केसांचा झुबका. पुढचे पाय मागच्यापेक्षा उंच, म्हणून पाठ उतरती दिसते. घोडा, बैल आणि बोकड असं तिघांचं मिळून कुणीतरी जुळवल्यासारखं वाटतं.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर लेकरं नाक धरून हसतात. रोही लेंड्या ठरलेल्या जागीच टाकतो. त्याच ढिगावर पुन्हा पुन्हा येऊन. एकदा आम्ही पाचवीचा वर्ग घेऊन माळावर गेलो होतो, तिथं बांधाच्या वळणावर असा ढीग सापडला. वरच्या लेंड्या ओल्या, काळ्या, चकाकणाऱ्या. खालच्या वाळून करड्या पडलेल्या, आणि त्यातून बोरीचं एक कोवळं रोप वर आलेलं. एका पोरीनं काडीनं लेंडी फोडली तर आत बोराची आठोळी. रोह्यानं बोरं खाल्ली, चालत आला, इथं टाकली आणि खत घालून पेरली. शेतकऱ्याला रोह्याचा त्रास होतो तो खराच, त्याबद्दल मी त्याच्या बाजूनं आहे. पण बोरीच्या बाजूनं पाहिलं तर रोही तिचा सालगडी आहे.

“कोल्हा काकडीला राजी” म्हणतात. कोल्हा खरंच काकडी खातो का?

खातो. म्हण तयार करणाऱ्यानं रानात नीट पाहिलेलं आहे. कोल्हा उंदीर, सरडे, मेलेलं जनावर यावर जगतो, तसाच बोरं, जांभळं, काकडी, टरबूज, कोवळी कणसं यावरही. मिळेल ते खायचं आणि जगायचं. कोल्ह्याची जोडी बराच काळ एकत्र राहते, मोठी झालेली पिलं कधीकधी पुढच्या वर्षीच्या पिलांना सांभाळायला थांबतात. संध्याकाळी एकानं सुरू केलं की माळभर जी कोल्हेकुई उठते ती ‘आम्ही इथं आहोत, ही जागा आमची’ असं सांगायला.

पुष्कळ जण खोकडालाच कोल्हा समजतात. खोकड मांजरापेक्षा थोडंच मोठं, कान टोकदार, शेपूट झुबकेदार आणि तिचं टोक काळं. उंदीर, टोळ, नाकतोडे, खेकडे फस्त करतं. शेतकऱ्याचं काम फुकट करणारा माळावर याच्यासारखा दुसरा नाही.

लांडगा गोष्टीतल्यासारखा दुष्ट असतो का?

“लांडगा आला रे आला” ही गोष्ट खोटं बोलणाऱ्या पोराची आहे, त्यात लांडग्याचं काहीच चुकलेलं नाही. लांडगा शेळ्या-मेंढ्या उचलतो हे खरं. धनगरांना विचारा, ते त्याची सगळी खोड सांगतील. आपल्याकडचा लांडगा बर्फातल्या चित्रांतल्यासारखा केसाळ नसतो. अंगानं सडपातळ, मातकट, लांब पायांचा. लांबून गावठी कुत्राच वाटतो. नर-मादी आणि त्यांची पिलं एवढंच बहुतेक त्यांचं कुटुंब. शिकार करून आलेला लांडगा पिलांसमोर पोटातलं मांस उलटून टाकतो आणि पिलं ते खातात. ऐकून ‘शीः’ म्हणू नका. डबा नाही, पिशवी नाही, तर आणणार कशात?

तरस हसतं का?

टीव्हीवर जे हसतं ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस. आपलं पट्ट्यांचं, आणि ते बहुतेक गप्प असतं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, मानेवर आयाळ. चालताना लंगडल्यासारखं वाटतं, म्हणून लोकांनी त्याच्याबद्दल नाही नाही त्या भुताखेताच्या गोष्टी रचल्या. दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी नातं मांजर-मुंगसाच्या बाजूचं आहे. जबडा इतका दणकट की बैलाचं हाड फोडून खातं. हाडांतला चुना पोटात गेल्यामुळं त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरीफेक होते. माळावर खडूसारखे गोळे दिसले तर ते कुणाचे ते आता कळलं.

साप दूध पितो का? पुंगीवर डोलतो का? डूख धरतो का?

तिन्हींचं उत्तर नाही. म्हाताऱ्यांचं हे सगळं चुकलंय.

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचं अन्न. सापाची आई त्याला दूध पाजत नाही, मग त्याच्या पोटाला ते पचायचं कसं? नागपंचमीला दारावर आणलेला नाग कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असायचा. तहानेनं तो काहीही तोंडात घेतो आणि पुढं आजारी पडतो. धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हेही तसंच. धामणीचे दात मागे वळलेले असतात, ती गायीच्या आचळाला लागली तर गाय गप्प उभी राहील का? धामण आपली उंदरांमागं असते.

सापाला बाहेर कान नाहीत. जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत कळते, हवेतले काही खर्जातले आवाजही जाणवतात. पण पुंगीचं गाणं ऐकून तो डोलत नाही. समोर हलणारी पुंगी ही त्याला धोक्याची वस्तू वाटते. ती जिकडं जाईल तिकडं तो तोंड वळवतो. आणि डूख धरायला माणसाचा चेहरा ओळखून लक्षात ठेवावा लागतो. तेवढं सापाच्या मेंदूचं कामच नाही.

मांडुळाला दोन तोंडं असतात, हेही खोटं. त्याची शेपूट बोथट असते, तोंडासारखी दिसते, एवढंच. शत्रू शेपटीला तोंड समजून झडप घालतो आणि खरं तोंड वाचतं. या एका अफवेपायी लाखो रुपयांच्या गप्पा मारून लोक मांडुळं पकडतात आणि तुरुंगात जातात.

आता एक खरी गोष्ट. शाळेच्या मागच्या दगडी भिंतीत एकदा आख्खी कात सापडली. लेकरं आधी लांब उभी राहिली, मग एकेक पुढं आलं. कागदासारखी हलकी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. हातात धरली की कुजबुज केल्यासारखा आवाज. आम्ही ती उन्हात धरली. प्रत्येक खवल्याचा ठसा दिसत होता आणि तोंडाकडच्या टोकाला दोन बारीक गोल, काचेसारखे. ते डोळ्यांवरचं झाकण होतं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. शिवाय कात उलटी असते. आपण घाईत पायमोजा ओढून काढला की आतली बाजू बाहेर येते ना, तसाच साप तोंडाकडून कातीतून बाहेर निघतो.

आणि साप चावला तर?

हे गंमतीचं नाही, म्हणून थोडक्यात. आपल्याकडचे चार विषारी साप पाठ करा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा मुंगी चावल्यासारखा वाटतो, कधी कळतही नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये. चावल्यावर घट्ट बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, रक्त चोखायचं नाही, देवाला न्यायचं नाही. हात-पाय हलवू न देता, १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना. तिथं जे औषध टोचतात ते घोड्याच्या रक्तातून तयार होतं. घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचत गेले की त्याचं शरीर विषाला उतारा बनवतं, तोच काढून माणसाला देतात.

मुंगसाला विष चढत नाही, कारण तो एक मुळी खातो. खरं?

मुंगूस जिंकतो हे खरं, मुळीची गोष्ट बनावट. नागाचं विष शरीरात ज्या जागी जाऊन चिकटतं, ती जागा मुंगसाच्या शरीरात थोडी वेगळ्या घडणीची असते. कुलूप बदललं की किल्ली लागत नाही, तसं. तरी खूप विष गेलं तर मुंगूसही मरतो. त्याचा खरा भरवसा चपळाईवर. अंगावरचे राठ केस फुगवून तो दुप्पट मोठा दिसतो आणि नाग फसून केसांवरच डंख मारत राहतो.

विंचू अंधारात चमकतो म्हणे?

साध्या अंधारात नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तसल्या अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा उजळतो. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पायात बूट घालून, दगडाच्या रचलेल्या कुंपणावर तो दिवा फिरवा. दिवसा ज्या भिंतीवर एक विंचू दिसत नाही, तिथं रात्री चार-पाच लुकलुकतात. विंचू कीटक नाही, आठ पायांचा म्हणजे कोळ्याचा नातेवाईक. मादी जिवंत पिलांना जन्म देते आणि ती पांढरी इवलीशी पिलं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून फिरतात.

विंचवाचा विषय निघाला की मी जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचं नाव घेतोच. तिथं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर पुढं कोकणात महाडला गेले. तिथल्या लाल विंचवाच्या डंखानं माणसं मरत होती. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध या रोग्यांना वाचवतं हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सायाळ काटे फेकून मारते का?

फेकत नाही. काटे म्हणजे जाड झालेले केसच. शत्रू आला की सायाळ ते फुलवते, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजवते, आणि तरी तो हलला नाही तर पाठमोरी होऊन उलटी धावत जाऊन त्याच्यात घुसते. सैल झालेले काटे समोरच्याच्या अंगात राहतात. त्याला वाटतं, फेकून मारले. सायाळ ही उंदीर-खारीच्या गोतातली, भारतातली त्या गोतातली सगळ्यात मोठी. बिळाजवळ कुरतडलेली हाडं दिसतात, पण ती मांस खात नाही. दात झिजवायला आणि चुना मिळवायला ती हाडं चावते.

मोराचं पाणी पिऊन लांडोर अंडी देते का?

मोराच्या डोळ्यांतलं पाणी पिऊन, असं म्हणायचंय ना? साफ खोटं. मोर-लांडोरीचं इतर पक्ष्यांसारखंच असतं. आता खरं काय ते ऐका. ज्याला आपण मोराची शेपूट म्हणतो ती शेपूट नाही. ती पाठीकडची लांब वाढलेली पिसं. खरी शेपूट त्याखाली, आखूड आणि मातकट, पिसाऱ्याला मागून टेकू देणारी. मोर पाठमोरा नाचत असला की दिसते. पावसाळा सरत आला की पिसारा गळतो आणि पुन्हा नवा येतो. पिसातला निळा रंग हा रंगच नाही. आत फक्त तपकिरी द्रव्य असतं. पिसाच्या अतिबारीक रचनेवर उजेड पडून निळं-हिरवं दिसतं, साबणाच्या फुग्यावर दिसतं तसं. पीस उजेडात तिरकं धरून फिरवा, रंग बदलताना दिसेल.

पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली झालं. आषाढात सकाळी तिथं गेलात तर केका इतक्या ऐकू येतील की बोललेलं ऐकू येणार नाही.

टिटवी आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते का?

नाही. ती जमिनीवर उभी राहून किंवा बसून झोपते. तिच्या पायाचं मागचं बोट इतकं बारीक असतं की तिला फांदी धरताच येत नाही. म्हणून घरटंही जमिनीवर, चार खडे मांडून. अंडी इतकी मातीच्या रंगाची की तुम्ही पायाशी उभे असलात तरी दिसणार नाहीत. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमचे वडीलही म्हणायचे. मी काही वर्षं वहीत लिहून पाहिलं. जमलं नाही.

वानर आणि माकड यात फरक काय? वानरं सूड घेतात का?

काळं तोंड, राखाडी अंग, लांबच लांब शेपूट ते वानर. लाल तोंडाचं ते माकड. वानराचं पोट गायीसारखं कप्प्याकप्प्याचं असतं, त्यामुळं आपल्याला न पचणारा जून पालाही ते पचवतं. नवं पिलू काळपट रंगाचं असतं आणि कळपातल्या मावश्या-आत्या ते एकमेकींकडं फिरवत राहतात.

सुडाचा प्रश्न माजलगाव तालुक्यातल्या प्रकरणामुळं आला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या एका गावात वानरं कुत्र्याची पिलं उचलून झाडावर, गच्चीवर नेत होती. बातमी ‘माकडांचा सूड’ म्हणून परदेशापर्यंत गेली, आणि मेलेल्या पिलांचा आकडा प्रत्येक बातमीत वाढत गेला. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. वानर पाला-फळं खाणारं, ते पिलू मारून खात नाही. पण उचललेलं पिलू उंचावर नेलं की तिथं त्याला दूध नाही, पाणी नाही, आणि तोल गेला की संपलं. सूड हा शब्द माणसांचा. बातमी विकायला बरा पडतो.

बिबट्या म्हणजेच चित्ता ना?

गावात बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ. बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मध्ये पोकळ. चित्ता सगळ्यात वेगवान, पण त्याला वाघासारखी डरकाळी येत नाही, मांजरीसारखा घुरघुरतो. पूर्वी राजेरजवाडे चित्ता पाळून त्याच्याकडून काळविटांची शिकार करवत. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. मग १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. म्हणजे तुमच्या उसात जो दिसला तो बिबट्याच.

ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेली लेकरं दिवाळीनंतर सहा महिने शाळेत नसायची, परत आली की त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त माहिती असायची. एका पोरीनं सांगितलं, तोडणी चालू असताना फडात मांजरीएवढी तीन पिलं सापडली, डोळे नुकते उघडलेले. मुकादमानं काम थांबवलं, वनखात्याची माणसं आली आणि पिलं एका खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली. रात्री आई आली आणि एकेकाला मानेला धरून घेऊन गेली. बिबट्याच्या मादीला उसाचा फड म्हणजेच जंगल वाटतं. आत अंधार, पाणी, डुकरं, कुत्री, सगळं जवळ.

मराठवाड्यात वाघ आहे का?

कायमचा म्हणावा असा नाही, पण पाहुणा येतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातले तरुण नर आपली जागा शोधायला निघतात. २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ तिथून निघाला, हिंगोलीकडून जात १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये गौताळ्यात वाघाचा फोटो मिळाला. २०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात वाघ आला, तोही टिपेश्वरचाच. कसा कळला? पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. तुमचं आधारकार्ड अंगठ्यावर, त्याचं पाठीवर.

वटवाघूळ आंधळं असतं का?

नाही. त्याला डोळे आहेत आणि दिसतंही. वेरूळच्या लेण्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात लटकणारी बारीक वटवाघळं तोंडातून आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढतात आणि त्याच्या पडसादावरून डास-किडे पकडतात. गावच्या चिंचेवर, वडावर लटकणारी मोठी वटवाघळं फळं खाणारी. ती डोळ्यांनी आणि नाकानं काम चालवतात. खरंखुरं उडू शकणारा सस्तन प्राणी जगात हा एकच.

पैठणला गुलाबी पक्षी येतात ते रंग लावल्यासारखे कसे?

ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखल गाळतात. त्यातल्या शेवाळात आणि बारीक जिवांत जे रंगद्रव्य असतं ते पिसांत उतरतं. पिलू करडंच असतं. फार गाजरं खाल्ली तर आपली कातडीही थोडी पिवळट-केशरी होते, तसंच हे. हिवाळ्यात तिथंच डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकादंब, म्हणजे हंसासारखे पक्षी, दिसतात. ते हिमालय ओलांडून येतात, ७,००० मीटरच्या वरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे.

“सरड्याची धाव कुंपणापर्यंत” का म्हणतात?

नर सरड्याचं राज्य खरंच तेवढंच असतं. विणीच्या दिवसांत तो कुंपणाच्या दगडावर बसून डोकं लाल करतो आणि जोर मारल्यासारखा खालीवर होतो. दुसऱ्या नराला सांगतो, हा दगड माझा. ही म्हणही पाहूनच केलेली.

रानातला ससा आणि पांढरा पाळीव ससा एकच का?

नाही. पांढरा बीळ खणतो आणि त्याची पिलं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. रानातला ससा बीळ खणत नाही, गवतात अंगाएवढी खळगी करून बसतो. त्याची पिलं केसांसकट आणि डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात.

हत्ती, जिराफ, देवमासा यांचं पण सांगा ना!

सांगतो, पटापट. हत्तीण पिलू पोटात सुमारे २२ महिने वाढवते. जिराफाच्या मानेत आपल्याइतकीच, सातच हाडं, फक्त प्रत्येक हाड वीतभर लांब. निळा देवमासा आजवरच्या सगळ्या प्राण्यांत मोठा, डायनासोर धरूनही, लांबी ३० मीटरपर्यंत. सिंह आपल्या देशात फक्त गुजरातेत, २०२५ च्या मोजणीत ८९१. आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे, वाघ नाही. ते बघायला भीमाशंकरला जावं लागेल.

पिलू सापडलं तर घरी आणून पाळायचं का?

नाही. हरणाचं, सशाचं पिलू एकटं दिसलं म्हणजे ते टाकून दिलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते आणि मुद्दाम लांब राहते, म्हणजे शत्रूला पत्ता लागत नाही. हात न लावता मागं फिरा. जखमी असेल तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातला प्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे. पिंजऱ्यातला आपला हिरवा राघूसुद्धा त्यात येतो. हे ऐकून एकीनं घरी जाऊन आजीशी भांडण काढलं होतं. आजी मला शाळेत जाब विचारायला आल्या, तेव्हा राघू त्यांच्या खांद्यावर होता.

प्राणी बघायला कुठं जायचं?

आधी खुणा बघायला शिका, प्राणी पुढं दिसतील. पाऊस पडून उघडीप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरं जायच्या आत, गाडीवाटेवर जा. मऊ मातीत रात्रीची सगळी वर्दळ छापलेली असते. चार बोटांपुढं नखांचे ठिपके दिसले तर कुत्रा, कोल्हा, लांडगा किंवा तरस. नखं नाहीत तर मांजराचं कुळ, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतात. पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा आणि नखंही आहेत, तर तरस. दोन लांब खुणा पुढं आणि दोन बारक्या मागं, तर ससा. तो उडी मारताना मागचे पाय पुढं टाकतो, म्हणून खुणा उलट्या वाटतात. शेजारी काडेपेटी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, माप कळतं. आणि त्या वाटेनं परत येताना स्वतःच्या चपलेच्या ठशावर कुणी पाय ठेवून गेलंय का, तेही बघा. आम्हाला एकदा खोकडाचा सापडला होता, ताजा, माझ्या अंगठ्याच्या खुणेवर.